आठ मिनिटे स्वतःच्या आवाजात : विद्यार्थी विकास मंडळांना आणि स्नेहसंमेलन समित्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संचालक, विद्यार्थी विकास मंडळ, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, छत्रपती संभाजीनगर,
मा. संचालक, विद्यार्थी विकास मंडळ, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, नांदेड,
आणि मराठवाड्यातील आठही जिल्ह्यांतील महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलन समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

विषय : एकट्याने सादर करावयाच्या विनोदी कथनाला (म्हणजे स्टँडअपला) युवक महोत्सवात स्थान देण्याबाबत, आणि श्रद्धा, घरसंसार व जगातील घडामोडी या विषयांवर स्नेहसंमेलनांतून घातल्या जाणाऱ्या अटींबाबत.

महोदय, महोदया,

दिवाळीची सुट्टी संपली की आपल्याकडच्या महाविद्यालयांत स्नेहसंमेलनाची तयारी सुरू होते आणि सूचनाफलकावर एक कागद लागतो. गाणी, नृत्य, प्रहसन, शेलापागोटे यांत भाग घेऊ इच्छिणाऱ्यांनी नावे द्यावीत, असे त्यात लिहिलेले असते आणि त्याखाली, विनोदी कार्यक्रम करणाऱ्यांसाठी म्हणून, बहुतेक ठिकाणी आणखी एक ओळ असते : संहिता समितीला आधी दाखवावी, तीत कोणत्याही धर्माचा, जातीचा, पक्षाचा अथवा व्यक्तीचा उल्लेख नसावा. मराठवाड्यातील ग्रामीण महाविद्यालयांत मराठी शिकवण्यात माझी सगळी नोकरी झाली, त्यामुळे ही ओळ लिहिणारे हात मला परिचयाचे आहेत. ती ओळ कोणी आकसाने लिहीत नाही. संस्थाचालकांचा फोन येऊ नये, गावातील एखाद्या संघटनेचे निवेदन येऊ नये आणि संमेलन निर्विघ्न पार पडावे, एवढाच तिचा हेतू असतो. तरीही त्या ओळीचा परिणाम काय होतो, हे आपल्यासमोर सविस्तर मांडावे असे वाटल्यावरून हे पत्र लिहीत आहे.

धर्म, जात, राजकारण आणि व्यक्ती एवढे वगळल्यावर विनोदाला उरते काय, हे पाहायचे असेल तर कोणत्याही स्नेहसंमेलनातील प्रहसने सलग बसून पाहावीत. झिंगलेला नवरा उरतो. काळ्या रंगाची नवरी उरते. तोतरा नोकर, लठ्ठ मुलगा आणि साडी नेसून लचकत येणारा पुरुष उरतो. यांपैकी कशावरही समितीची तांबडी रेघ पडलेली मी सहसा पाहिलेली नाही, कारण यांच्यापैकी कोणाची संघटना निवेदन घेऊन येत नाही. शेलापागोट्यांचे तर विचारूच नये. वर्गातील मुलींना आणि एखाद्या गरीब स्वभावाच्या प्राध्यापकाला निनावी चिठ्ठ्यांतून भर मंडपात टोचून बोलायचे आणि त्याला परंपरा म्हणायचे, हे आपण वर्षानुवर्षे खपवून घेतो. निनावी टोमणा चालतो; स्वतःचे नाव सांगून स्वतःच्या घराविषयी केलेले कथन मात्र चालत नाही. हा न्याय उलटा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता मुले काय सांगू पाहतात, त्याची दोन उदाहरणे देतो. एका महाविद्यालयातील मुलीचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. बीड, धाराशिव, जालना या भागांत अशी घरे किती आहेत, हे आपल्याला सांगायला नको. मुकादमाची उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास गाव सोडायचे, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत कोयता चालवायचा. ही मुलगी ओपन माइकच्या धर्तीवर एकटीने बोलणार होती. तिचे म्हणणे असे : आमची आई पावसाळ्यात देवीला म्हणते, पाऊस पाड, रान करपून चाललं. मग आम्ही फडावर जातो, तिथं अवकाळी आभाळ आलं की आई हात जोडते, बाई, आता पाडू नको, तोड बंद पडली तर उचल फिटायची कशी. सहा महिने पाड म्हणायचं, सहा महिने पाडू नको म्हणायचं. देवीनंच एक दिवस आईला म्हटलं असेल, तुमचं आधी घरात बसून ठरवा अन् मग मला सांगा. यावर तालमीला बसलेली सगळी मुले हसली, आणि त्यांत ऊसतोडीच्या घरची मुले सर्वांत मोठ्याने हसली. समितीने हा भाग काढायला सांगितला, कारण त्यात देवीचा उल्लेख होता.

दुसरा विद्यार्थी मुसलमान. त्याच्या गल्लीतील गणेश मंडळाचा खजिनदार तोच आहे, आणि तो सांगत होता, की हे मोठे सलोख्याचे वगैरे काही नाही. मंडळातल्या पोरांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नाही, म्हणून पावती पुस्तक माझ्याकडे. पुढे त्याने आपल्या घरचीही बाजू सांगितली होती. वडील नमाजाला चल म्हणून रोज मागे लागतात, पण वर्गणी मोजायची असली की म्हणतात, आधी हिशोब पुरा कर, अल्लाला पण अर्धवट हिशोब आवडत नाही. हेही वगळले गेले. सलोखा या विषयावर त्याच व्यासपीठावर एका पाहुण्याचे पाऊण तास भाषण झाले, ते कोणाच्याही लक्षात राहिलेले नाही.

या दोन्ही कथनांत श्रद्धेची टवाळी नाही, हे आपल्यापैकी कोणीही मान्य करील. त्यांत श्रद्धा आहे आणि ती जशी घरात असते तशी आहे : अडचणीची, घासाघिशीची, अधूनमधून चिडणारी. या पद्धतीने देवाशी बोलण्याचा शोध काही स्टँडअप करणाऱ्या मुलांनी लावलेला नाही. तो आपल्याच मातीत लागलेला आहे आणि तो ज्यांनी लावला त्यांची नावे आपण सभागृहांना आणि रंगमंदिरांना दिलेली आहेत.

पैठणच्या एकनाथांनी सोळाव्या शतकात लिहिलेल्या भारुडांत एक सून आहे. ती भवानीला रोडगा कबूल करते आणि बदल्यात मागते काय, तर गावाला गेलेल्या सासऱ्याला तिकडेच खपव, सासूला लवकर ने, जाऊबाईचे कुंकू पूस, नणंदेच्या किरकिऱ्या पोराला खरूज होऊ दे, आणि शेवटी नवऱ्याचीही आहुती घे व मला एकटीला मोकळी कर. भारूडकार त्याचा परमार्थ उलगडतात, की नाती म्हणजे अहंकाराचे आणि विकारांचे पाश आणि एकटे राहणे म्हणजे आत्मस्वरूपात राहणे. तो अर्थ खराच आहे. परंतु नाथषष्ठीला आलेली बाई प्रथम हसते, कारण तिला तिची सासू आठवते, आणि त्यानंतर तिला परमार्थ कळतो. नाथांनी ही वाट जाणूनबुजून निवडली. त्यांच्या भारुडांत गोंधळी आहे, वाघ्या आहे, फकीर आहे, महार आहे, आणि हिंदू व तुर्क यांचा एकमेकांच्या आचारांवर तुटून पडणारा संवादही त्यांनी लिहिला आहे. नवस, सोवळे, जात, दोन धर्मांमधील भांडण, नवरा-बायको यांपैकी एकही विषय त्यांनी टाळलेला नाही. आजच्या सूचनाफलकावरील अट लावली, तर नाथांचे निम्मे भारूड वाङ्मय समितीच्या खोलीतून बाहेर येणार नाही.

आणि गंमत अशी, की आपल्या युवक महोत्सवात भारूड ही स्पर्धाच आहे. तिथे नवस करणाऱ्या सुनेचे सोंग घेऊन देवीकडे सासूचा बळी मागणाऱ्या मुलीला पारितोषिक मिळते आणि ते योग्यच आहे. त्याच मुलीने सोंग उतरवून, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या आईचे आणि देवीचे भांडण सांगितले, की ते वादग्रस्त ठरते. चारशे वर्षांपूर्वीच्या माणसाने हसलेले चालते आणि समोर बसलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीने हसलेले चालत नाही, या भेदाचे कारण मला कोणी समजावून सांगावे.

हिंगोली जिल्ह्यातील नरसीशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या नामदेवांनी देवाच्या दारात उभे राहून त्याला सुनावले, की पतितपावन हे तुझे नाव ऐकून आलो होतो, पण तू तसा नाहीस, म्हणून माघारी चाललो. गंगाखेडच्या जनाबाईंनी तर विठ्ठलाला 'विठ्या' म्हटले, कारटा म्हटले, आणि बायकांनी भांडणात एकमेकींना द्याव्यात तशा शिव्या दिल्या. आज हे अभंग पदव्युत्तर वर्गात शिकवले जातात आणि त्यांवर प्रबंध होतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन होऊन काही तास उलटतात न उलटतात तोच भूकंपात किल्लारीच्या परिसरातील घरे कोसळली आणि हजारो माणसे गेली, तेव्हा मलब्यापाशी बसून देवाला जाब विचारणारी माणसे नास्तिक नव्हती. त्यांच्या देव्हाऱ्यातील दिवा नंतरही लागत राहिला. रागावणे, थट्टा करणे आणि नमस्कार करणे ही तिन्ही कामे आपला माणूस एकाच देवापुढे करतो. ज्याने हे घरात पाहिले आहे, त्याने ते मंचावर बोलले तर भावना दुखावतात हा समज खेड्यातील प्रेक्षकाविषयीच्या अज्ञानातून येतो.

मराठवाड्यात ही परंपरा एकट्या वारकऱ्यांचीही नाही. वली आणि सिराज या कवींच्या औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, उर्दू शायरीने शेख आणि वाइज यांची म्हणजे धर्मोपदेशकांची फिरकी घेण्याची रीत पिढ्यानपिढ्या पाळली, आणि दखनी बोलीतील मिजाहिया म्हणजे विनोदी शायर मुशायऱ्यात उभा राहिला की टोपी घातलेले म्हातारे आजही सर्वांत आधी दाद देतात. सत्यशोधक जलशांनी पुरोहिताला हसून उघडे पाडले. पुढे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला, त्यातील गणपतीचे स्तवन काढून टाकले, आणि अंधश्रद्धा, सावकारी, पाणवठ्यावरील अपमान यांवर हसत हसत सवाल-जवाब उभे केले. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय काढले आणि पुढे नागसेनवनात ज्या पिढ्या शिकल्या, त्यांच्या कानांवर हे जलसे होते. एका विद्यापीठाला त्यांचेच नाव आहे, म्हणून ही आठवण करून देत आहे.

मग आजच्या कीर्तनाकडे यावे. गावोगावच्या सप्ताहांत रात्रीच्या कीर्तनाला जी गर्दी लोटते, ती बहुतांशी हसायला येते, हे आपण सारे जाणतो. मोबाईल, दारू, लग्नाचा खर्च, सुना, मुलींचे कपडे, पुढारी, सगळ्यांवर महाराज दोन दोन तास बोलतात आणि मंडप डोक्यावर घेतात. त्यांतील काही विनोद अस्सल असतो. बराचसा बायकांवर घसरलेला असतो आणि तो मला मुळीच आवडत नाही. परंतु कीर्तनकाराने संहिता चार दिवस आधी दाखवावी, असे आजवर एकाही सप्ताह समितीने म्हटलेले नाही, आणि म्हणूही नये. मग वीणा, टाळकरी, वय आणि फेटा यांचे पाठबळ असलेल्या माणसाला जे स्वातंत्र्य आपण न मागता देतो, ते एकट्या माइकसमोर पाय लटपटत उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्याला देताना आपला हात का आखडतो?

एकट्या माणसाने मंच भरून टाकणे हेही आपल्याला नवे नाही. प्रा. लक्ष्मण देशपांडे हे आपल्याच डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते. 'वऱ्हाड निघालंय लंडनला' या एकपात्रीत ते बावन्न पात्रे एकटे रंगवत, आणि त्या विक्रमाची नोंद गिनेस बुकात झाली. मराठवाड्याची बोली हसण्याचा विषय न राहता हसवणारी भाषा झाली ती त्यांच्यामुळे, आणि संदीप पाठक यांनी तोच प्रयोग पुढे चालवला आहे. देशपांडे पात्रांतून बोलले. आताची मुले पात्र बाजूला ठेवून 'मी' म्हणून बोलू पाहतात, आणि माझ्या मते खरी अडचण इथेच आहे, कारण पात्राने काही म्हटले तर लेखकाला मागे सरकायला जागा असते आणि 'मी' म्हणणाऱ्याला ती नसते.

जगभर या प्रकारच्या विनोदाने हीच जोखीम पत्करलेली आहे. अमेरिकेत लेनी ब्रूस यांना १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयाने अश्लीलतेसाठी दोषी ठरवले. ते धर्मसंस्थांवर आणि ढोंगीपणावर बोलत असत. १९६६ मध्ये ते वारले आणि २००३ मध्ये, म्हणजे सदतीस वर्षांनी, त्या राज्याच्या गव्हर्नरांनी त्यांना मरणोत्तर माफी दिली. आयर्लंडचे डेव्ह ॲलन कॅथलिक पाद्र्यांची आणि शाळेतील नन्सची आयुष्यभर थट्टा करत राहिले, आणि कार्यक्रमाच्या शेवटी प्रेक्षकांना म्हणत, की तुमचा देव तुमच्याबरोबर असो. इजिप्तमध्ये २०११ च्या क्रांतीनंतर बासिम युसुफ नावाच्या हृदयशल्यविशारदाने उपहासाचा कार्यक्रम सुरू केला. २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्षांचा आणि इस्लामचा अवमान केल्याच्या आरोपावरून त्यांच्याविरुद्ध अटक वॉरंट निघाले, आणि राष्ट्राध्यक्ष बदलल्यावरही, २०१४ मध्ये, तो कार्यक्रम बंदच पडला. यावरून एवढेच दिसते, की असा विनोद कोणत्याच सत्ताधाऱ्याला फार काळ रुचत नाही, मग तो धर्माचे नाव घेणारा असो की लष्कराचे.

मला मात्र या सर्वांहून अमेरिकेतील स्टँडअप कलाकार टिग नोटारो यांचा प्रयोग अधिक महत्त्वाचा वाटतो. ऑगस्ट २०१२ मध्ये, कर्करोगाचे निदान होऊन मोजकेच दिवस झाले असताना, त्या लॉस एंजेलिसमधील एका छोट्या मंचावर आल्या आणि नमस्कार म्हणतात त्याच सहज सुरात त्यांनी मला कर्करोग झाला आहे, असे प्रेक्षकांना सांगितले. त्याच वर्षी त्यांची आई वारली होती. लोक आधी हसले, मग गप्प झाले, मग पुन्हा हसले. यात सरकार नाही, पक्ष नाही, वाद नाही. स्वतःवर आलेले संकट स्वतःच्या तोंडाने, न रडता सांगणे आहे. आपल्या वसतिगृहांत अशी किती मुले आहेत, ज्यांच्या वडिलांनी कर्जापायी जीव दिला आणि ज्यांना त्याविषयी सांत्वनाच्या सुरातच बोललेले ऐकावे लागते? त्यांच्यापैकी एखाद्याला अनुदानाच्या कागदासाठी तहसील कचेरीत मारलेल्या खेपांची हकिकत हसवत सांगावीशी वाटली, तर त्याला आपण 'संवेदनशील विषय' म्हणून थांबवणार आहोत काय?

जगातील घडामोडींचेही तसेच. हा विषय वक्तृत्व स्पर्धेसाठी राखून ठेवायचा, अशी आपली समजूत दिसते. लातूरच्या बाजारात सोयाबीनचा भाव काय निघणार, हे, सरकार खाद्यतेलाच्या आयातीवर शुल्क किती लावते आणि इंडोनेशिया, अर्जेंटिना येथून तेल कोणत्या भावाने येते, यावरही ठरते, हे आमच्या मुलांना पाठ्यपुस्तकाआधी घरातील भांडणातून कळते. वैद्यकीय प्रवेशासाठी लातूर पॅटर्नच्या शिकवण्या करायच्या, शासकीय जागा हुकली की बाप वावर विकतो नाहीतर मुलगा युक्रेनला जातो, आणि २०२२ मध्ये तिथे युद्ध पेटल्यावर 'ऑपरेशन गंगा'च्या विमानातून परत येतो. हा प्रवास ज्यांच्या घरात किंवा गल्लीत घडला, त्यांना आंतरराष्ट्रीय राजकारणावर विनोद करण्याचा अधिकार कोणी वेगळा द्यायला हवा असे नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. त्या वर्षी जे नऊ-दहा वर्षांचे होते ते आज महाविद्यालयात आहेत. पाण्याची आगगाडी पाहिलेल्या पिढीकडे सांगण्यासारखे काही नसेल, हे संभवत नाही.

आपली भीती मात्र मी खोटी मानत नाही. १ जानेवारी २०२१ रोजी इंदूरमध्ये स्टँडअप कलाकार मुनव्वर फारुकी यांना कार्यक्रमाच्या ठिकाणाहून पोलिसांच्या ताब्यात जावे लागले, आणि सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारीला जामीन देईपर्यंत महिनाभराहून अधिक काळ ते तुरुंगात होते. मार्च २०२५ मध्ये मुंबईत खार येथील ज्या स्टुडिओत कुणाल कामरा यांचा कार्यक्रम झाला होता, त्याची तोडफोड झाली. म्हणजे बोलला एक आणि खुर्च्या मोडल्या जागा देणाऱ्याच्या. प्राचार्यांच्या मनात हीच दृश्ये असतात, हे उघड आहे. म्हणूनच कायदा प्रत्यक्षात काय सांगतो, हे समित्यांनी एकदा शांतपणे वाचावे, अशी माझी विनंती आहे.

धार्मिक भावना दुखावण्याविषयीचे जुने कलम २९५-अ हे १९२७ मध्ये दंड विधानात आले, आणि आता ते भारतीय न्याय संहितेत कलम २९९ म्हणून आहे. त्यात हेतू जाणीवपूर्वक आणि दुष्ट असावा लागतो. नकळत, निष्काळजीपणे किंवा तसा हेतू नसताना झालेला अवमान या कलमाखाली येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९५७ मध्येच रामजीलाल मोदी प्रकरणात स्पष्ट केले. त्याहून आपल्या कामाचा निर्णय २८ मार्च २०२५ चा आहे. खासदार इम्रान प्रतापगढी यांनी प्रसारित केलेल्या एका कवितेवरून जामनगरमध्ये दाखल झालेला गुन्हा रद्द करताना न्यायालयाने म्हटले, की प्रजासत्ताकाला पंचाहत्तर वर्षे झाल्यावर एखादी कविता किंवा स्टँडअप कॉमेडीसारखा कलाप्रकार यांमुळे समाजात वैर माजेल, इतका आपला पाया डळमळीत मानता येणार नाही. शब्दांचा परिणाम मोजायचा तो कणखर, समंजस माणसाच्या मापाने. जो पावलोपावली दुखावतो त्याच्या मापाने नव्हे. आणि तीन वर्षांपासून सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या अशा गुन्ह्यांत नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) नुसार, पोलीस उपअधीक्षक किंवा वरिष्ठ अधिकाऱ्याच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय आहे. बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणांत ती वापरणे उचित, असेही न्यायालयाने सांगितले. या निर्णयाची प्रत प्रत्येक महाविद्यालयाच्या कार्यालयात असावी. निवेदन घेऊन कोणी आले, तर विद्यार्थ्याला माफी मागायला पुढे ढकलण्याआधी ती प्रत पुढे करता येईल.

अटी असूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. उलट मी अधिक कडक अटी सुचवीन, फक्त त्या विषयांवर नसाव्यात, कामावर असाव्यात. विनोद स्वतःचा असावा. व्हॉट्सॲपवरून उचललेला किंवा युट्यूबवर पाहून पाठ केलेला सापडला, की स्पर्धक बाद. कोणाचे व्यंग, रंग, शरीर, बोबडेपणा यांवर हसे उभे केले, तर गुण कापावेत आणि ते का कापले हे परीक्षकांनी मंचावरून सांगावे. दुसऱ्याच्या धर्माविषयी बोलताना आधी स्वतःच्या धर्माविषयी बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये, हा नियम लेखी करता येणार नाही, पण परीक्षकांच्या मनात तो असावा. शिव्यांविषयीही एक सांगतो. मोकळेपणा म्हणजे दर वाक्याला शिवी, असा समज शहरातील मंचांवरून मुलांपर्यंत पोहोचला आहे, आणि ऐकणारा त्या शिवीला दचकून हसतो, हे त्यांच्या ध्यानात येत नाही. जनाबाईंच्या शिवीला तिचे ठिकाण होते, कोणाला का द्यायची ते ठरलेले होते. हे शिकवता येते. मराठीच्या तासाला, अभंग हातात घेऊन शिकवता येते.

आता महोत्सवाविषयी. भारतीय विश्वविद्यालय संघाच्या नियमावलीत नक्कल हा प्रकार आहे. त्यात स्पर्धकाला पाच मिनिटे मिळतात आणि यंत्रांचे आवाज, प्रसिद्ध व्यक्तींची भाषणे, चित्रपट कलावंतांच्या लकबी काढता येतात. प्रहसनात सहा जणांच्या संघाला दहा मिनिटे मिळतात, आणि तिथे निर्मळ उपहासच अपेक्षित आहे, कटू टोमणे टाळावेत, असे नियमच सांगतो. वक्तृत्वाचा विषय आयोजक देतात. म्हणजे दुसऱ्याच्या आवाजात बोलण्यासाठी वेळ राखून ठेवलेला आहे. स्वतःच्या आवाजात, स्वतः निवडलेल्या विषयावर, हसवत बोलण्यासाठी त्या नियमावलीत जागा नाही. राष्ट्रीय नियमावली बदलणे आपल्या हाती नाही, हे मान्य. परंतु विद्यापीठ स्तरावर भारूड, गोंधळ, पोवाडा, जलसा यांना आपण जसे स्थान दिले, तसे आठ मिनिटांच्या एकल विनोदी कथनाला देणे दोन्ही मंडळांच्या अधिकारात बसते. भाषा मराठी, दखनी, उर्दू, हिंदी, बंजारा, जी घरात बोलली जाते ती. परीक्षकांत एक भारूडकार, एक नाट्यशास्त्राचा अध्यापक आणि एक प्रत्यक्ष स्टँडअप करणारा असावा, म्हणजे तिघांचे एकमत सहसा होणार नाही आणि तेच बरे.

राहता राहिली मोबाईलची अडचण, जी माझ्या मते कायद्यापेक्षाही मोठी आहे. आठ मिनिटांच्या कथनातील वीस सेकंदांचा तुकडा कापून पसरवला, की ऊसतोड करणाऱ्या आईची गोष्ट नाहीशी होते आणि देवीचे नाव तेवढे उरते. सभागृहात समोर बसलेल्या माणसांसाठी बोललेले वाक्य न बसलेल्यांपर्यंत असे पोहोचणे, हेच अलीकडच्या बहुतेक तक्रारींचे मूळ आहे. यावर उपाय साधा आहे. या स्पर्धेपुरते प्रेक्षकांचे चित्रीकरण बंद ठेवावे, विद्यापीठाने स्वतः पूर्ण चित्रफीत करावी आणि ती जपून ठेवावी. तक्रार आल्यास तक्रारदाराला बोलावून ती आरंभापासून शेवटपर्यंत दाखवावी. पूर्ण पाहण्याची तयारी नसलेल्या तक्रारीची दखल घेऊ नये. संहिता आधी मागायचीच असेल, तर ती तपासायला नव्हे, सुधारायला मागावी, आणि ज्याने ती वाचली त्याने काढून टाकलेल्या प्रत्येक ओळीशेजारी कारण लिहून खाली सही करावी. सही करायची म्हटल्यावर किती रेघा उरतात, हे पाहण्याजोगे असेल.

महोत्सवाच्या नियमपुस्तिका छापायला जाण्यापूर्वी या सूचना दोन्ही मंडळांच्या बैठकीपुढे ठेवाव्यात, आणि स्नेहसंमेलन समित्यांनी या वर्षीचा सूचनाफलक लिहिताना ती एक ओळ गाळून पाहावी, अशी विनंती आहे. चर्चेसाठी बोलावल्यास स्वखर्चाने येईन. ऊसतोडीची ती मुलगी आता शेवटच्या वर्षाला आहे, तेव्हा उत्तर या शैक्षणिक वर्षात मिळाल्यास बरे होईल.

कळावे.

आपला,
एक निवृत्त मराठी अध्यापक,
परभणी जिल्हा